सव्वीस मिनिटांत गाव चूलबंद

माझ्या आयुष्यातलं पहिलं सॉफ्टवेअर एकूण सव्वीस मिनिटं चाललं आणि तेवढ्या वेळात त्यानं टेंभुर्णीतल्या एकशे चाळीस घरांच्या चुली बंद करून टाकल्या. आग लागली नाही, गॅस संपला नाही, कुणाच्या घरी काही वाईटही झालं नाही. उलट ती सगळी घरं आनंदात होती. आनंदात नव्हतो ते फक्त आम्ही, कारण त्या सगळ्यांचं रविवारचं जेवण आमच्याकडं होतं आणि ते आम्हाला बुधवारी दुपारी कळलं.

मी तेव्हा बीसीए होऊन घरी बसले होते. (हे आईचं म्हणणं. माझ्या मते मी करिअरचा विचार करत होते.) मला डेव्हलपर व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण तीन वर्षं कॉलेजात काढून माझी एवढीच खात्री पटली होती की मला प्रोग्रामिंग येत नाही. तेव्हा क्लास लावणं भाग होतं. जालन्यात एकाच गल्लीत समोरासमोर दोन क्लास होते आणि दोन्हीकडं पहिलं लेक्चर फुकट होतं. मी एकाच दिवशी दोन्ही ऐकली आणि तिथंच घात झाला.

एका क्लासात साठीचे एक सर होते. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू. त्यांनी सांगितलं की पहिले तीन महिने कीबोर्डला हात लावायचा नाही. आधी पाया. प्रोग्राम कागदावर लिहायचा, डोक्यात चालवायचा, डोक्यातच बिघडवायचा आणि डोक्यातच दुरुस्त करायचा. मला ते इतकं पटलं की वहीच्या पहिल्या पानावर ‘पाया’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग रस्ता ओलांडून समोर गेले. तिथं तिशीतला एक दादा होता. तो म्हणाला, पुस्तकं रद्दीत घाला. पहिल्याच दिवशी काहीतरी बनवा, ते मोडेल, मोडलं की शिकाल. पोहायचं पुस्तक वाचून कुणी विहिरीत तरंगलंय का? हेही इतकं पटलं की मी ‘पाया’ खोडून टाकला. बाहेर पडले तर सर दारातच उभे. त्यांनी दोन मिनिटं समजावलं आणि मी खोडलेला पाया पुन्हा गिरवला.

माझा स्वभावच असा आहे. जो शेवटी बोलतो तो मला बरोबर वाटतो. त्या दोघांचं एकमेकांबद्दल मात्र एकच मत होतं: समोर गेलीस तर बिघडशील.

आमच्या आप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीत कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की ती आप्पांकडं येते, त्यामुळं आप्पांचा नंबर सगळ्या गावाच्या फोनमध्ये आहे. (ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.) दोन क्लासांमधलं माझं झोके घेणं पंधरा दिवस पाहिल्यावर एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, “हे बघ वैशू. क्लास लावतो, खर्चा करतो. पण एकच. ताईच्या साखरपुड्यापर्यंत ठरव. न्हाई ठरलं, तर मंग पुढचा साखरपुडा तुझा.”

ताईचा साखरपुडा पुढच्याच रविवारी होता. स्थळ मंठ्याचं, आणि ते आणलं होतं आमच्या मामानं. मामा मंठ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कार्यासाठी तो आठवडाभर आधीच लॅपटॉपसह येऊन बसला होता, तेव्हा माझ्या क्लासचा प्रश्न साहजिकच त्याच्यापुढं गेला. मला वाटलं, आता सगळं सरळ होईल. आप्पा म्हणजे हातानं काम करणारा माणूस, ते दादाची बाजू घेणार. मामा पुस्तकातला, तो सरांची. मी दोघांचं ऐकून, शेवटी जो बोलेल त्याचं मान्य करणार. पण घडलं भलतंच.

“सरांकडं जा,” आप्पा म्हणाले. “मी हे काम झटके खाऊन शिकलो. आमच्या धंद्यात तीन मोठे झटके बसल्याबिगर कुणी मेकॅनिक म्हणत न्हाई. तिसऱ्या झटक्याला मी पार कडब्याच्या गंजीत जाऊन पडलो होतो. माझ्या पोरीनं बराबर समजून-उमजून शिकावं.”

“दाजी, बिलकुल नको,” मामा म्हणाला. “मी अठरा वर्षं वीज शिकवून राह्यलो. परवा घरातला फ्यूज गेल्ता. तो आमच्या हिनं शेजारच्या वहिनींना बोलवून बसवला आन् मी टॉर्च धरून उभा. पोरीला दादाकडंच पाठवा.”

दोघंही आपापलं आयुष्य माझ्यापुढं वाईट उदाहरण म्हणून ठेवत होते आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी अजूनच गोंधळले. ताई तिकडून म्हणाली की तुम्ही दोघं तिला तुमचं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लावताय. आई लसूण सोलत होती. तिनं एकच विचारलं, माझं आवतनाचं काम कोण करणार आहे?

आता आवतनाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं कार्याचं आवतन तीन तऱ्हेचं असतं. ‘घरटी एक’ म्हणजे त्या घरातून एका माणसानं जेवायला यावं. ‘जोडप्यानं’ म्हणजे नवरा-बायकोनं यावं. आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारीकोतारी, लेकरंबाळं, आलेले पाहुणे, यच्चयावत सगळ्यांनी कार्याच्या घरीच जेवायचं. चूलबंद आवतन भावकीला आणि जिवाभावाच्या घरांनाच जातं. कुणाला कोणतं आवतन दिलं हे गाव विसरत नाही. आमच्या आजोबांना कुणीतरी घरटी एक दिलं होतं, ते आमच्या घरात अजून बोललं जातं.

हे सगळं आई एका लांबट वहीत ठेवते. गल्लीवार दोनशे बारा घरं, प्रत्येकाचा फोन नंबर आणि नावापुढं पेन्सिलीची खूण. एक टिंब म्हणजे घरटी एक, दोन टिंबं म्हणजे जोडप्यानं, गोल म्हणजे चूलबंद. कार्य बदललं की खुणा खोडायच्या आणि नव्या करायच्या. ताईला साखरपुडा लहान हवा होता, घरापुढं मांडव घालून शंभरेक पानं. त्यामुळं या वेळी बहात्तर घरांपुढंच खुणा होत्या आणि त्यातही बहुतेक एकटी टिंबं. बाकी जागा रिकाम्या.

ती वही पाहिली आणि मला वाटलं, हाच माझा क्लास. दोनशे बारा घरं, तीन तऱ्हा, एक मेसेज. सॉफ्टवेअर करायचं! आप्पांना करूनच दाखवायचं, म्हणजे कोणता क्लास ते आपोआप ठरेल. आणि दोन्ही फुकट लेक्चरं वाया जायला नकोत, म्हणून अर्धं सरांच्या पद्धतीनं करायचं, अर्धं दादाच्या. मी सर आणि दादा यांची नावंही वहीच्या शेवटी लिहिली. माझं काम त्यांनी बघावं, एवढाच हेतू. खूण काय करावी ते सुचेना, म्हणून तिथं काहीच केलं नाही.

सरांनी सांगितलं होतं की माहितीत जागा रिकामी सोडू नये. काही नसेल तर तिथं काय धरायचं ते आधी ठरवून टाकावं. हे मी बरोबर लिहून घेतलं होतं. आता रिकाम्या घरापुढं काय धरायचं? आई चार हातांवर ओट्याशी उभी होती. पण डेव्हलपरनं आईला विचारायचं, हे मला कसंसंच वाटलं. मी डोकं चालवलं. वहीतली पहिली नऊ घरं भावकीची होती आणि सगळ्यांना गोल होता. शिवाय मान कमी दिला तर माणसं रुसतात, जास्त दिला तर कुणी रुसत नाही. म्हणजे रिकामं असेल तिथं चूलबंद धरायचं. हा विचार मला इतका थोर वाटला की मी स्वतःवर खूष होऊन चहा घेतला.

दादानं सांगितलं होतं की विचार करत बसू नका, चालवून बघा. तेही मी केलं. मामाचा लॅपटॉप घेतला, आप्पांच्या फोनच्या इंटरनेटला जोडला. मेसेज आप्पांच्या नंबरावरून जाणार होते, म्हणजे गावाला ओळखीचे वाटतील. यादीत सगळ्यांत वर आई, ताई आणि मामा यांची नावं घातली. तीन मेसेज जातील, तिघं वाचतील, कौतुक करतील, मग पुढचं बघू. आमच्या गावात रेंज येते-जाते, म्हणून एक जास्तीची हुशारीही केली: मध्येच रेंज गेली तर शेवटचा मेसेज पुन्हा पाठव. बुधवारी दुपारी आप्पा जेवायला घरी आलेले पाहून मी सगळ्यांच्या देखत बटन दाबलं.

आईचा फोन वाजला, ताईचा वाजला, मामाचा वाजला. मामा म्हणाला, व्वा. मी मान थोडी उंच केली. आणि मग मला दिसलं की पडद्यावर चौथं नाव आलंय. मग पाचवं. तीन झाले की थांबायचं, असं मी मनात पक्कं ठरवलं होतं, प्रोग्रामला सांगायचं राहून गेलं होतं. लूप सुरू कसा करायचा हे दादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. थांबवायचा कसा, हे सरांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या महिन्यात होतं.

मी सगळी बटनं दाबली. लॅपटॉप ढिम्म. मी तो दाबून बंदच करणार, तेवढ्यात मामा मध्ये पडला. सहामाहीचा पेपर त्यात आहे, अजून कुठं उतरवून ठेवलेला नाही, असा अचानक बंद केलास तर सगळं जाईल, असं त्याचं म्हणणं. आप्पा उठले आणि सवयीप्रमाणं घराचा मेन स्विच पाडला. पंखा बंद झाला, फ्रीज बंद झाला, लॅपटॉप बॅटरीवर मजेत चालू. मग फोन बंद करायला गेलो तर त्याचं बटन कधीच तुटलेलं होतं आणि त्या जागी आप्पांनी स्वतःच्या हातानं वायरमनची काळी टेप लावलेली होती. टेप सोलायला ते पक्कड आणायला धावले. मामा मला विचारत होता की तू यात अट कोणती घातलीस. एवढ्यात उकाड्यानं सगळ्यांना घाम फुटला आणि पडद्यावर तिसरी गल्ली सुरू झाली.

आई इतका वेळ भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उतरवून तिनं हात पुसले, फोन उचलला, न्हाणीत नेला आणि घंगाळ्याखाली ठेवला. आमच्या न्हाणीत रेंज येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेसेज थांबले. सव्वीस मिनिटं झाली होती आणि यादीत एकच नाव उरलं होतं, जे मीच चुकून दोनदा लिहिलं होतं.

“रिकामं म्हंजे काय धरलंस?” आईनं विचारलं.

“चूलबंद,” मी म्हणाले.

“रिकामं म्हंजे मला इचारायचं,” आई म्हणाली.

त्या रिकाम्या जागांमध्ये अख्खं गाव भरलेलं होतं. कुणाला साखरपुड्याला नाही, पण लग्नाला बोलवायचं होतं. कुणाचं माणूस पुण्याला होतं, कुणाचं अजून ठरायचं होतं. आणि शेवटच्या गल्लीतले सोपानकाका होते, ज्यांच्याशी बांधावरून आप्पांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. नेमकी त्यांच्याच नावावर रेंज गेली होती. गेली, आली, गेली, आली. माझ्या हुशारीनं सोपानकाकांना तेच चूलबंद आवतन अकरा वेळा पाठवलं होतं.

फोन घंगाळ्याखालून बाहेर काढला, आणि तो वाजायलाच लागला. पहिले सोपानकाकाच होते. आप्पांनी सात वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला.

“किसनराव,” सोपानकाका म्हणाले, “एक बार बोलावलं असतं तर आलो नसतो. दोन बारबी आलो नसतो. तुम्ही अकरा बार बोलावलं. मी काय दगड हाय का?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, “या. समद्यांना घेऊन या.” दुसरं काय म्हणणार? पाठोपाठ थोरल्या चुलत्यांचा फोन आला. ते भावकीतले, त्यांना रीतसर गोल होता आणि रीतसर चूलबंद गेलं होतं. पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. भांडलेल्या माणसाला अकरा बार आणि सख्ख्या भावकीला एक बार, ही कुठली पद्धत, असं ते विचारत होते. मान जास्त दिला तर कुणी रुसत नाही, हा माझा थोर विचार पंधरा मिनिटांत निकालात निघाला.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, चूक आपण केली, आपणच निस्तरू. मी कोपऱ्यात जाऊन प्रोग्राम नीट केला. या वेळी किती झाले की थांबायचं, तेही लिहिलं. आणि कुणालाही न विचारता सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवला: ‘मघाचं आवतन चुकून गेलं आहे. ते रद्द समजावे.’ प्रोग्राम सुरेख चालला. एकेक घर, एकेकदा, आणि शेवटी आपलं आपण थांबला. मला तर वाटलं, जमलं.

लोकांना काय वाटणार? साखरपुड्याचं आवतन रद्द, म्हणजे साखरपुडा रद्द. गावात मुलाच्या एका मावशीचं घर होतं. टेंभुर्णी एका टोकाला, मंठा दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळा जिल्हा. एरवी तिकडं जायचं तर एक बस बदलावी लागते आणि निम्मा दिवस मोडतो. ही बातमी मात्र वीस मिनिटांत पोचली. मुलाच्या वडिलांचा मामाला फोन आला. ते चिडले नव्हते, त्यानं तर जास्तच वाईट वाटलं. “मास्तर, आमचं काही चुकलं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. ते पाहून मी रडायला लागले. क्लास गेला तर जाऊ दे, डेव्हलपर नाही झाले तरी चालेल, पण माझ्यापायी ताईचं जमलेलं मोडलं तर मी कुठं तोंड दाखवणार होते? आप्पांनी मामाच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं की साखरपुडा रद्द न्हाई, उलट जरा मोठा झालाय, तुम्ही जल्दी या. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

“ह्यो रविवार बराबर पार पडला, तर क्लासचं बघू,” ते म्हणाले. “न्हाई पडला, तर तो इषय संपला.”

मामानं कागद-पेन घेतलं. त्यानं सिद्धान्त मांडला की बोलावलेले सगळे कधीच येत नसतात, तेव्हा आपण निम्म्यांचा स्वयंपाक धरू. आप्पांनी विचारलं, तुम्ही कुठलं चूलबंद आवतन सोडलंय का? मामानं आठवून पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी करंडा घेतला, मला वही घ्यायला लावली आणि आम्ही निघालो. आवतन दिलं ते परत घेत नाहीत, हे तिनं आदल्या संध्याकाळीच जाहीर केलं होतं. तेव्हा आता ते तोंडानं द्यायचं. दोन दिवस आम्ही घरोघर हिंडलो. प्रत्येक घरी आई कुंकू लावायची आणि म्हणायची की पोरीनं मशीनवर पाठवलं, मी माणसाला बोलवायला आले. मग चहा. मग उठता उठता सहज बोलल्यासारखं, “रविवारी येताना पोळपाट-लाटणं संगं आणा.” मला आधी कळलंच नाही. मग आईनं समजावलं की ज्या घरची चूल बंद, त्या घरच्या बायकांचे हात मोकळे. चूलबंद घर नुसतं जेवायला येत नसतं, रांधायलाही येतं. हे सरांनी शिकवलं नव्हतं आणि दादानंही. वहीतल्या प्रत्येक रिकाम्या जागेचं कारण मी तिला विचारलं आणि लिहून घेतलं. एकशे चाळीस चहा झाल्यावर माझ्या पोटातच लूप सुरू झाला, तो वेगळा विषय.

रविवारी सकाळी सात वाजल्यापासून बायका यायला लागल्या. अंगणात जागा पुरेना तेव्हा पोळपाट गल्लीत मांडले. बुंदी, वांग्याची भाजी, वरण आणि मोजता येणार नाहीत इतक्या पोळ्या. सोपानकाका खांद्यावर पंचा टाकून वाढपात उभे राहिले आणि अकरा वेळा बोलावलेल्या माणसाच्या रुबाबात सगळ्यांना हुकूम सोडायला लागले. थोरले चुलते रुसून बसले होते, त्यांच्या पानात सोपानकाकांनी स्वतः बुंदी वाढली. मंठ्याची मंडळी आली ती एवढं गाव बघून दबूनच गेली. मुलाचे वडील मामाच्या कानात म्हणाले की तुमच्या दाजींचं गावात वजन लई दिसतंय. ताई ते ऐकून हसली आणि मी चार दिवसांनी पोटभर जेवले.

जेवणाच्या दुसऱ्या पंगतीला जालन्याहून एक गाडी आली. तिच्यातून खडूवाले सर उतरले. मी पुढं झाले, तोच दुसऱ्या दारातून दादा उतरला. मग दादाची बायको, तिच्या कडेवर लेकरू, आणि शेवटी सरांच्या वयाच्या एक बाई. मी कधी सरांकडं बघतेय, कधी दादाकडं. त्या बाई म्हणाल्या, “पोरी, दोघांनाबी तुझा मेसेज आल्ता. रद्दचाबी आल्ता. मी तुझ्या वडिलांना फोन केला, ते म्हणले या. मंग मी ह्यांना म्हणलं, आवतनं दोन असली तरी आपली चूल एकच हाय.”

बापलेक! समोरासमोर क्लास टाकून रोज एकमेकांचे विद्यार्थी पळवणारे, आणि रात्री एकाच ताटलीतलं लोणचं खाणारे! पंधरा दिवस मी ज्या दोन टोकांमध्ये हिंदकळत होते, ती दोन्ही टोकं एका घरात राहत होती.

आप्पांना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला की सकाळी सरांकडं जायचं आणि दुपारी दादाकडं, नाहीतरी फी एकाच घरात जाणार.

“दुपारी तिकडं गेली तर बिघडेल,” सर म्हणाले.

“सकाळी तिकडं गेली तर बिघडेल,” दादा म्हणाला.

मी दोन्हीकडं गेले. बिघडले की नाही ते सांगता येत नाही, पण आता मी पुण्यात एका कंपनीत डेव्हलपर आहे. आवतनाचा तो प्रोग्राम मी नंतर आईला नीट करून दिला. त्यात एक ओळ मी फार काळजीनं लिहिली: नावापुढं खूण नसेल तर मेसेज पाठवायचाच नाही. आईनं तो चार कार्यांना वापरला आणि कधी चूक झाली नाही.

गेल्या वर्षी ताईला मुलगी झाली. बाळंतपण टेंभुर्णीलाच. बारसं कधी ते मला कुणी कळवेना. मी वाट पाहिली, मग रुसले. लग्न झालं म्हणून आपण परक्या झालो, असं नवऱ्याला सलग चार दिवस ऐकवलं. पाचव्या दिवशी आप्पांचा फोन आला की समदं गाव आल्तं, तुझीच जागा रिकामी, तू का आली न्हाईस? मी म्हणाले, मला आवतनच नाही. आई मागून म्हणाली, असं कसं, तुझ्या मशीनवरनंच समद्यांना पाठवलं. मग मला हळूहळू उजेड पडला. लग्नानंतर आईनं माझं घर वहीत नव्यानं लिहिलं होतं, पण पोटच्या पोरीला कसलं आवतन द्यायचं, म्हणून पुढं खूण केली नव्हती. रिकामं ठेवलं होतं.

आप्पा बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, पहिला आवतनाचा, दुसरा रद्दचा आणि हा तिसरा. झाले तीन झटके, आता तुला मेकॅनिक म्हणायला हरकत न्हाई.

मी आईला म्हणाले की ते जाऊ दे, आधी माझ्या नावापुढं गोल कर, आम्हाला चूलबंद पाहिजे. आईनं वही आणली. पेन्सिल टेकल्याचा आवाज मला फोनमध्येसुद्धा ऐकू आला, पण तो गोलाचा नव्हता, एका टिंबाचा होता.

“घरटी एक?” मी विचारलं. “पोटच्या पोरीला?”

“चूलबंद द्यायला आधी चूल पेटावी लागती, बाई,” आई म्हणाली. “तुम्ही दोघं तर रोज डबा मागवून राह्यले.”